मिशनरीचा आठवडा

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या त्रिदिन उपासनेत दुसऱ्या दिवशी सायंकाळी केलेले भाषण)



परमेश्वराच्या कृपेने आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षे पूर्ण झाली. या आनंदप्रसंगी आजची सायंकाळ मिशनकार्यासाठी राखून ठेवावी आणि परदेशी सेवा करणाऱ्या तरुण मिशनरीच्या जीवनाविषयी आम्ही चार शब्द बोलावे, अशी महोत्सव समितीची इच्छा. विषय मोठा आणि वेळ थोडा; म्हणून त्याचा एकच पदर आम्ही हाती धरणार आहोत.

मिशनऱ्याचे आयुष्य वर्षांनी मोजण्याचा प्रघात आहे. अमुक साली तो गेला, इतकी वर्षे राबला, अमुक साली देवाघरी गेला, असे आपण चरित्रांतून वाचतो. आज आम्ही ते आठवड्यांनी मोजू इच्छितो. पन्नास वर्षे म्हणजे सुमारे २६०० रविवार आणि त्या रविवारांच्या मधले सारे कामाचे दिवस. आपले हे धर्मग्राम त्या दिवसांवर उभे राहिले आहे. मिशनऱ्याचे कार्यही तसेच उभे राहते, हे आम्ही दाखवू इच्छितो.

हा विषय आपणास केवळ पुस्तकातला नाही. आपल्यातील काही घरांची मुले आणि मुली आज दूरदेशी प्रभूच्या मळ्यात काम करीत आहेत. आणखी काहींच्या मनात तो विचार घोळतो आहे, हे आम्हास ठाऊक आहे. आणि त्यांच्या आईबापांच्या मनात काय घोळते, तेही ठाऊक आहे. मुलाला वाटते, तिकडे काहीतरी थोर घडेल. आईला वाटते, तिकडे काहीतरी वाईट घडेल. दोघांनाही एक गोष्ट सुचत नाही, ती ही की तिकडेही सोमवार असतो, मंगळवार असतो, आणि बहुतेक दिवशी विशेष असे काहीच घडत नाही. मिशनऱ्याची खरी कसोटी तेथेच लागते. आपल्याकडे म्हण आहे, नव्याचे नऊ दिवस. ते नऊ दिवस कोणीही काढील. प्रश्न दहाव्या दिवसाचा आहे.

या कामी आम्ही उदाहरण घेतो ते आपणा सर्वांस परिचित अशा महापुरुषाचे, संत फ्रान्सिस झेवियर यांचे. जुन्या गोव्यास जाऊन त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन ज्याने घेतले नाही, असा मनुष्य या सभेत क्वचितच असेल. त्यांचे चमत्कार आपण लहानपणापासून ऐकले. परंतु त्यांचा आठवडा कसा जात असे, हे फारसे कोणी सांगत नाही. वस्तुतः ते जाणणे कठीण नाही. कारण रोम येथील आपल्या बंधूंना त्यांनी स्वहस्ते लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत, आणि त्यांतून हा दिनक्रम स्पष्ट दिसतो.

झेवियर यांचा जन्म १५०६ सालचा, स्पेनमधील नाव्हार प्रांतातला. पॅरिसच्या विद्यापीठात ते शिकले आणि तेथेच संत इग्नेशियस लोयोला यांच्या सहवासात आले. १५३७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. ७ एप्रिल १५४१ रोजी, म्हणजे आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, ते लिस्बन बंदरातून निघाले, आणि मोझांबिकमध्ये अनेक महिने अडकून पडून ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. तेरा महिन्यांचा तो प्रवास होता. पोपमहाशयांचे प्रतिनिधी म्हणून त्यांच्याजवळ अधिकारपत्रे होती. असा मनुष्य एखाद्या वाड्यात उतरला असता, तर कोणी नवल केले नसते. त्यांनी बिऱ्हाड केले ते रुग्णालयात.

आता त्यांचा गोव्यातील आठवडा पाहा. सकाळी रुग्णालयातील आजाऱ्यांची विचारपूस आणि त्यांचे पापनिवेदन ऐकणे. शहरातील इतर माणसेही त्यासाठी येत, आणि ती इतकी की एकाच वेळी दहा ठिकाणी बसता आले असते, तरी प्रत्येक ठिकाणी काम पुरले असते, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. दुपार टळली की तुरुंगात जाऊन कैद्यांना पापनिवेदनाची रीत शिकवावयाची आणि त्यांचे ऐकून घ्यावयाचे. तेथून रुग्णालयाजवळच्या पवित्र मरियेच्या मंदिरात मुलांचे धर्मशिक्षण, म्हणजे आपण ज्याला दोत्रीन म्हणतो ती. मुलांना गोळा करण्यासाठी हे विद्यापीठाचे पदवीधर हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने फिरत. मुलांची संख्या अनेकदा तीनशेच्या वर जाई. रविवारी ते शहराबाहेर महारोग्यांच्या वस्तीत जाऊन पवित्र मिस्सा अर्पण करीत, त्यांचे पापनिवेदन ऐकत आणि त्यांना ख्रिस्तप्रसाद देत. शिवाय रविवारी व सणावारी प्रवचन, आणि दुपारनंतर स्थानिक ख्रिस्ती लोकांना श्रद्धेच्या कलमांचे स्पष्टीकरण.

एवढेच. यात कोठेही अद्भुत असे काही नाही. आजारी, कैदी, मुले, महारोगी. आणि पुन्हा आजारी, कैदी, मुले, महारोगी. आठवडा संपला की तोच आठवडा पुन्हा सुरू. आपल्यापैकी जे कोणी आजाऱ्यांना भेटावयास जातात किंवा मुलांना धर्मशिक्षण देतात, त्यांना हे काम अगदी ओळखीचे वाटेल.

पुढे त्याच वर्षी ते दक्षिणेस मोत्यांच्या शिंपल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तमिळ किनाऱ्यावर गेले. तेथील परव नावाच्या कोळी समाजाने काही वर्षांपूर्वी स्नानसंस्कार घेतला होता. परंतु त्यांना शिकवावयास कोणी राहिले नव्हते. आपण ख्रिस्ती आहोत, यापलीकडे त्या बापड्यांना काही सांगता येत नव्हते. झेवियर यांना तमिळ येत नव्हते. गोव्याच्या सेमिनरीतील तीन देशी विद्यार्थी त्यांच्याबरोबर होते. दोन्ही भाषा थोड्याबहुत समजणारी आणखी माणसे त्यांनी जमवली आणि पुष्कळ दिवस खपून क्रुसाची खूण, श्रद्धेचा अंगीकार, दहा आज्ञा, 'हे आमच्या स्वर्गातील बापा', 'नमो मरिया' आणि पापांगिकार यांचे भाषांतर करविले. मग स्वतः ते सारे शाळकरी पोराप्रमाणे तोंडपाठ केले.

आणि मग पुन्हा तीच घंटा. एका गावी महिनाभर, दिवसातून दोनदा, घंटा वाजवीत गावातून फिरावयाचे, मुलांना व पुरुषांना जमवावयाचे आणि प्रार्थना म्हणवून घ्यावयाच्या. मुलांनी त्या घरी जाऊन आईबापांना आणि शेजाऱ्यांना शिकवावयाच्या. रविवारी सारा गाव एकत्र येई. श्रद्धेच्या अंगीकारातील एक कलम ते मोठ्याने म्हणत, लोक मागोमाग म्हणत. नंतर ते विचारीत, यावर तुमची श्रद्धा आहे काय? लोक छातीवर हातांचा क्रूस करून होय म्हणत. मग त्या कलमावर दृढ श्रद्धा ठेवण्याची कृपा मिळावी म्हणून एक लहानशी विनंती, एकदा 'हे आमच्या बापा', एकदा 'नमो मरिया'. मग दुसरे कलम. अशी बाराही कलमे, आणि त्यामागून याच रीतीने दहाही आज्ञा. पुढे त्या किनाऱ्यावर स्त्रियांनी शनिवारी आणि पुरुषांनी रविवारी देवळात यावे, असा नियम त्यांनी घालून दिला.

एका गावाची अशी घडी बसली की प्रार्थनांची लेखी प्रत तेथे ठेवावयाची, रोज लोकांना जमवून त्या म्हणवून घेण्यासाठी गावातीलच एक मनुष्य नेमावयाचा, आणि आपण पुढच्या गावी जाऊन पहिल्यापासून आरंभ करावयाचा. या नेमलेल्या माणसांना पोटापुरता पगार मिळावा म्हणून पोर्तुगालच्या राणीसाहेबांच्या पादत्राणांसाठी ठरलेली रक्कम झेवियर यांनी मागून घेतली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

आजाऱ्यांची बोलावणी इतकी येत की एकट्याला सगळीकडे जाणे अशक्य होई. तेव्हा ते मुलांना पाठवीत. मुले आजाऱ्याच्या घरी जात, घरच्या मंडळींना व शेजाऱ्यांना गोळा करीत आणि अंथरुणाजवळ श्रद्धेचा अंगीकार म्हणत. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातील बालमित्रांनो, हे नीट ध्यानात ठेवा. ज्या कार्याचे श्रेय आपण एका थोर संताला देतो, त्यातला केवढा तरी वाटा तुमच्या वयाच्या मुलांनी उचलला होता.

येथे भाषेविषयी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. १५४४ साली झेवियर यांनी आपले सहकारी फ्रान्सिस्को मान्सिल्यास यांना एक दुरुस्ती कळविली. श्रद्धेच्या अंगीकारात लोक जो 'वेणुम' हा शब्द म्हणतात, तो बदलावा. कारण त्याचा अर्थ 'मला हवे' असा आहे. त्याऐवजी 'विचुआम' म्हणावे. हा दुसरा शब्द आपल्या कानांना परका वाटावयास नको. तो आपलाच 'विश्वास' शब्द, तमिळ उच्चार घेऊन एका परक्याच्या लेखणीतून उतरलेला. तात्पर्य, 'माझा विश्वास आहे' असे म्हणावयाच्या ठिकाणी ते कोळी बांधव 'मला देव हवा आहे' असे म्हणत होते. कोणी यास हसेल. आम्हाला हसू येत नाही. ज्याला देव हवा आहे, तो विश्वासाच्या उंबरठ्यावर येऊनच उभा असतो. परंतु मिशनऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर यात केवढी विनम्रता आहे! पॅरिसला तत्त्वज्ञान शिकविलेला मनुष्य परक्या भाषेत बालक होतो आणि एकेक शब्द सुधारीत जातो. तरुण मिशनऱ्याचे पहिले दु:ख बहुधा हेच असते. त्याला ताप येतो, अन्न रुचत नाही, हे सारे सोसवते. पण आपण मूर्खासारखे बोलतो आहोत आणि लोक आपल्याला हसत आहेत, हे सोसण्यास फार मोठे मन लागते.

असा हा आठवडा कधी मोडतही असे. १५४४ च्या उन्हाळ्यात बडग नावाच्या घोडेस्वारांनी किनाऱ्यावर धाड घातली. कन्याकुमारीजवळचे ख्रिस्ती लोक घरेदारे टाकून समुद्रातील खडकांवर जाऊन बसले आणि अन्नपाण्यावाचून मरू लागले. हे कळताच झेवियर यांनी वीस होड्या शिधासामग्रीने भरल्या आणि त्यांच्याकडे निघाले. वारा उलटा, कित्येक दिवस झगडूनही होड्या पुढे जाईनात. शेवटी त्यांना परतावे लागले, आणि मग ते पायवाटेने त्या लोकांकडे गेले. पोर्तुगीज अंमलदारच जेव्हा या गरीब लोकांना नाडीत, तेव्हा त्यांच्याविरुद्धही त्यांनी कडक शब्दांत तक्रारी लिहिल्या. त्याच दिवसांतली मान्सिल्यास यांना लिहिलेली पत्रे आपण वाचली, तर या संकटांच्या शेजारीच नेहमीच्या सूचना आढळतात: मुलांना शिकविण्यात खंड पडू देऊ नका, प्रत्येक गावी प्रार्थना चालतात की नाही ते पाहा, लोक चुकले तरी बाप जसा वांड मुलांचे सोसतो, तसे त्यांचे सोसा. धाड येते आणि जाते. घंटा मात्र वाजली पाहिजे.

आपण विचाराल, या माणसाला एकटे वाटत नसे काय? वाटत असे. युरोपातून पत्र येण्यास त्या काळी वर्षाहून अधिक काळ लागे, आणि येईलच याची शाश्वती नसे. १५४६ साली मोलुक्का बेटांच्या परिसरातून लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या बंधूंना कळविले की, तुमच्या पत्रांवरील तुमच्या हातच्या सह्या मी कापून घेतल्या आहेत, आणि माझ्या व्रतांच्या कागदाबरोबर त्या सतत जवळ बाळगतो. बंधुभगिनींनो, ज्या पुरुषाचे नाव घेऊन आपण नवस बोलतो, तो मित्रांच्या नावांच्या चिठोऱ्या छातीशी धरून हिंडत होता! घरच्यांची आठवण येणे म्हणजे पाचारणात उणेपणा असणे, असे जो कोणी म्हणत असेल, त्याने हे ध्यानी घ्यावे.

३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या दारात, सान्शियान बेटावर, झेवियर यांनी देह ठेवला. भारतात पाऊल टाकल्यापासून मरेपर्यंत अवघी साडेदहा वर्षे. तमिळ किनाऱ्यावर तर त्यांचा मुक्काम त्याहून पुष्कळ थोडा. मग ते काम टिकले कसे? कोणीतरी तोच आठवडा पुढे चालविला म्हणून टिकले. हेन्रीक हेन्रीकेस नावाचे येशूसंघीय बंधू १५४६ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास, भारतात आले आणि लवकरच त्या किनाऱ्यावर दाखल झाले. त्यांना तमिळ बोलता-लिहिता येते, आणि ते एकटे दोघांचे काम करतात, असे झेवियर यांनीच १५४९ साली रोमला कळविले. त्यांनी तमिळ व्याकरण रचले. त्यांचे 'तंबिरान वणक्कम' हे पुस्तक १५७८ साली कोल्लम येथे छापले गेले. भारतीय लिपीत भारतात छापलेले ते पहिले पुस्तक. १६०० साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांनी तो किनारा सोडला नाही. पन्नासहून अधिक वर्षे! म्हणजे आज ज्या वयाचा आपण उत्सव करीत आहोत, तेवढे वय एका माणसाने एका परक्या किनाऱ्यावर, आठवड्यामागून आठवडा, घालविले. त्यांचे नाव आपणांपैकी किती जणांनी ऐकले आहे? झेवियर यांनी वेस उघडली; हेन्रीकेस यांनी शेत कसले.

आणि हे ऋण आपल्या मराठी भाषेवरही आहे. तीस वर्षांचा एक इंग्रज तरुण, थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यास उतरला आणि सासष्टीच्या गावांत सुमारे चाळीस वर्षे राबून १६१९ साली तेथेच निवर्तला. त्याने ही भाषा इतकी आपलीशी केली की दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. पहिल्याच दिवशी त्याला ओवी सुचली असेल, असे मानण्याचे कारण नाही. बाजारात, शेताच्या बांधावर, आजाऱ्याच्या खाटेजवळ, मुलांच्या घोळक्यात ऐकलेला एकेक शब्द त्याने वेचला असला पाहिजे. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

देणे फिटते ते पुढच्याला देऊन. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया कोवळ्या वयात जपानला गेले, तेथील भाषा इतकी शिकले की पुढे आपल्या फ्रान्सिस्कन बंधूंचे दुभाषी झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांनी प्राण अर्पिला. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांचा क्रूस आपण चित्रांत पाहतो. त्याआधीची भाषा शिकण्यातली वर्षे चित्रांत येत नाहीत. परंतु ती नसती, तर त्यांची त्या देशी कोणास गरजच पडली नसती.

आता आईबापांस थोडे सांगतो. आपले मूल परदेशी सेवेस निघाले, तर डोळ्यांत पाणी येणारच. ते पुसावयास आम्ही सांगत नाही. परंतु ते मूल काही अघटित जगात जात नाही. ते आजाऱ्यांकडे, मुलांकडे आणि ज्यांना कोणी नाही अशांकडे जात आहे, म्हणजे जे काम त्याने या धर्मग्रामात आपल्या डोळ्यांदेखत केले, तेच करावयास जात आहे. आज पत्राची वर्षभर वाट पाहावी लागत नाही. दूरध्वनीवर घटकेत आवाज ऐकू येतो. तेव्हा एक करा. त्याला थोर गोष्टी विचारू नका. तेथे काय पाहिलेस, किती लोक जमविलेस, असे विचारले की, सांगण्याजोगे काही घडले नसेल तर, तो मनात खट्टू होतो. त्याला विचारा, बाळा, तुझा मंगळवार कसा गेला? कोण आजारी आहे? नवा शब्द कोणता शिकलास? या प्रश्नांनी त्याला कळेल की आपला साधा दिवसही घरी कोणाला तरी मोलाचा वाटतो.

आणि जे येथेच राहणार, त्यांनी आपण मिशनच्या बाहेर आहोत असे समजू नये. १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी संत झेवियर यांच्या बरोबरीने मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून घोषित केली ती लिझ्यूची संत तेरेजा, जिने मठात प्रवेश केल्यावर त्याच्या भिंतींबाहेरचे कोणतेही मिशन पाहिले नाही. एक चीनला गेलेला आणि एक आफ्रिकेच्या वाटेवर असलेला, अशा दोन तरुणांसाठी ती प्रार्थना करी आणि त्यांना पत्रे लिही. एकाने हजारो कोस समुद्र ओलांडला, दुसरी चार भिंतींत राहिली. ख्रिस्तसभेने दोघांना एकाच आसनावर बसविले. आपल्या प्रत्येक वाडीने परदेशी असलेल्या आपल्या एकेका मुलासाठी आठवड्यातील एक वार ठरवून घ्यावा आणि त्या दिवशीची जपमाळ त्याच्या नावाने म्हणावी, अशी आमची विनंती आहे. वार कोणताही घ्या. शक्यतो रविवार नको, कारण रविवारी त्याच्याभोवती माणसे असतात. त्याला तुमची गरज कामाच्या दिवशी आहे.

तरुणांनो, आता तुम्हांस. ज्याला साहसाची हौस आहे, त्याने दुसरी वाट शोधावी. या वाटेवर नव्याचे नऊ दिवस लवकर संपतात. परंतु जो तीच घंटा, त्याच गल्लीत, त्याच मुलांसाठी, उद्याही तितक्याच प्रेमाने वाजवू शकेल, त्याने प्रभूला नाही म्हणू नये. ती सवय येथेच लावून घ्या. पुढच्या रविवारी दोत्रीनीच्या वर्गास दोन शिक्षक कमी पडत आहेत. तेथून आरंभ करा.

प्रभू येशू, जो आपल्यासाठी नाझरेथच्या सुतारशाळेत कित्येक वर्षे निनावी राहिला, तो आपल्या दूरदेशीच्या मुलामुलींना त्यांच्या साध्या दिवसांत सांभाळो, आणि या धर्मग्रामाला पुढील पन्नास वर्षांचा प्रत्येक आठवडा निष्ठेने पुरा करण्याची कृपा देवो. आमेन.